पोटशूळ आणि जोडीदाराची शुश्रूषा : यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास

कारण न सापडणारी, वर्षानुवर्षे उठणारी आणि बसणारी पोटदुखी यवतमाळ जिल्ह्याला नवी नाही. पटकी, देवी, प्लेग यांच्या साथींची नोंद सरकारी दप्तरांत झाली, कारण त्यांत माणसे पटापट दगावत. पोटदुखीने माणूस सहसा दगावत नाही; तो खंगतो, त्याची मजुरी बुडते, झोप जाते आणि घरातल्या आणखी एका माणसाची झोप त्याच्यासोबत जाते. हे दुसरे माणूस बहुतेक वेळा बायको असते, क्वचित नवरा. या दुखण्याचा इतिहास पाहायचा तर औषधे, नवस, दवाखान्याच्या वाटा आणि विहिरींचे पाणी यांच्याबरोबर उशाशी बसणाऱ्या या माणसाचे कामही पाहावे लागते.

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या आतला हा मुलूख म्हणजे १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या वऱ्हाडाचा आग्नेय कोपरा. १८६४ मध्ये त्याचा वेगळा जिल्हा झाला आणि तो पुढे वणीच्या नावाने ओळखला गेला. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडून यवतमाळ जिल्हा आकाराला आला. कापसाची काळी जमीन आणि सागवानाचे जंगल येथे शेजारी शेजारी आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा, कुणबी, महार अशा अनेक समाजांची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७.७ लाख होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअठरा टक्के होते. येथली माती, येथले पाणी आणि येथल्या माणसांचे रक्त यांचा पोटदुखीशी किती जवळचा संबंध आहे हे उलगडायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला.

शास्त्राच्या पोथीत पोटदुखीला फार पूर्वीपासून जागा होती. आयुर्वेदाने शूल आणि गुल्म यांचा स्वतंत्र विचार केला. जेवण पचता पचता उठणाऱ्या दुखण्याला माधवनिदानात परिणामशूल म्हटले आहे. लहान आतड्याच्या तोंडाशी होणाऱ्या व्रणाशी ते वर्णन बरेच जुळते. पोटात गोळा उठल्याची वऱ्हाडातल्या बायाबापड्यांची तक्रार गुल्माच्या वर्णनाजवळ जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला शुश्रूषेचे ज्ञान हवे, तो दक्ष हवा, स्वच्छ हवा आणि रोग्यावर त्याचा अनुराग हवा. जिव्हाळ्याला अशी उपचाराच्या व्याख्येतच जागा देणे ही साधी गोष्ट नव्हे. यवतमाळच्या खेड्यांत या चार पायांपैकी वैद्य आणि औषध हे दोन दीर्घकाळ लंगडेच राहिले, आणि भार तिसऱ्या पायावर आला.

घरातली शुश्रूषा चुलीपासून सुरू होई. ओवा आणि पादेलोण चावून वर कोमट पाणी, सुंठीचा काढा, काढ्यातून एरंडेल, बेंबीभोवती हिंगाचा लेप, तेल लावून गरम केलेले एरंडाचे पान, फडक्यात बांधलेल्या विटेचा किंवा कोंड्याचा शेक हे उपाय घरोघरी ठाऊक होते. मुरडा आला की मुरुडशेंग उगाळत. ही पीळदार शेंग जिल्ह्याच्या जंगलात सहज मिळे. जुलाब आणि आव यांवर कुड्याची साल आणि बेलफळ, लहान मुलांना सागरगोट्याची बी. बेंबी सरकली असे ठरले की पोटावर पेटती वात ठेवून तिच्यावर तांब्या उपडा घालत आणि कातडी ओढली जाई. वैदू फिरतीवर आले की तुंबडी लावून घेत. यांतल्या काही उपायांना नंतरच्या काळात आधार सापडला. उबेने पोटाचे स्नायू सैलावतात, ओव्यातला थायमॉल वायूवर थोडाफार चालतो. तांब्याने बेंबी जागेवर येत नाही, कारण ती सरकलेलीच नसते. तरीही पोटावरून हळूहळू फिरणाऱ्या हाताने बरे वाटे, ही गोष्ट खोटी म्हणता येत नाही.

या सगळ्यात वेळखाऊ आणि सर्वांत कमी मोजले गेलेले काम पथ्याचे होते. ज्या घरात रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, ठेचा आणि तिखट रस्सा, तेथे दुखणाऱ्यासाठी ज्वारीच्या कण्या, ताक, मुगाच्या वरणाचे पाणी वेगळे करायचे म्हणजे एकाच चुलीवर दोन स्वयंपाक. शेतावर निघण्याआधी ते उरकायचे, रात्री शेक द्यायचा, पहाटे पुन्हा सरपण पेटवायचे. नवरा आजारी असला की बायको हे करी आणि कोणी त्याला काम म्हणत नसे. बायको आजारी असली की हेच पथ्य रांधायला सासू, नणंद किंवा मोठी मुलगी लागे. त्या नसल्या तर तीच दुखत्या पोटाने सगळ्यांसाठी तिखट रांधी आणि स्वतः तेच खाई. पोटदुखीच्या इतिहासातली ही सर्वांत ठळक विषमता आहे, आणि ती कोणत्याही औषधाच्या इतिहासापेक्षा महत्त्वाची आहे.

चार-आठ दिवसांत दुखणे गेले नाही की ‘बाहेरचे’ पाहायला सुरुवात होई. कोणी काही खाऊ घातले, करणी केली, देव कोपला अशी कारणे निघत आणि भगताकडे जाणे होई. कोलामांच्या पुजाऱ्यांना या भागात विशेष मान होता. स्थानिक देवतांची शांती करण्यासाठी गोंडही त्यांना बोलावत. कोलाम लोक गावापासून अलग अशा ‘पोडां’वर राहत, दवाखाना तेथून दूर आणि पुजारी जवळ, म्हणून आधी त्याच्याकडे जाण्यात व्यवहारही होता. कळंबचा चिंतामणी आणि पैनगंगेपलीकडची माहूरची रेणुका येथे नवस बोलले जात. नवस हाही जोडीदाराच्या शुश्रूषेचाच भाग होता : दुखणाऱ्यासाठी उपास धरायचा, अनवाणी जायचे, वर्षभराच्या तुटपुंज्या कमाईतून नारळ आणि खण बाजूला काढायचे.

या वाटेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. बिब्ब्याचे डाग देणे किंवा तापल्या लोखंडाने पोट डागणे याने दुखणे जात नसे आणि जखम चिघळे. मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर दिल्या जाणाऱ्या अशा डागण्या अगदी अलीकडेपर्यंत दिसत आल्या आहेत. त्याहून घातक होते ते करणीचे बोट. पोटदुखीचे कारण सापडत नाही म्हणून शेजारची एखादी विधवा किंवा एकटी बाई दोषी ठरे आणि तिचे जगणे असह्य होई. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विदर्भात या प्रकारांविरुद्ध काम केले. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात यायला २०१३ साल उजाडले.

ब्रिटिश काळात दोन गोष्टी नव्याने हाताशी आल्या. अफू जुनीच होती, पण आता ती परवानाधारक दुकानात मिळे आणि पोटातली कळ, जुलाब, खोकला यांवरचे घरगुती औषध म्हणून देशभर वापरली जाई. १८९३ ते १८९५ या काळात चौकशी करणाऱ्या रॉयल अफू आयोगासमोर तिच्या अशा घरगुती वापराच्या अनेक साक्षी झाल्या. अफूने कळ थांबे आणि आतडी मंदावत; मात्रा थांबली की दुखणे पुन्हा डोके वर काढी, आणि मात्रा वाढवायची की नाही हा निर्णय घरच्या माणसावर येई. दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी दवाखाना. तालुक्याच्या गावी तो उघडला तरी कंपाउंडरने बाटलीत भरून दिलेले मिक्श्चर, बाटलीवर मात्रा दाखवणारी कागदाची खाचांची पट्टी आणि पुन्हा आठवड्याने या, एवढाच तिथला पोटदुखीचा उपचार असे. तपासणीची साधने नव्हती. गुणकारी म्हणावे तर जंतांची औषधे होती, आणि जंत हे पोटदुखीचे खरे व मोठे कारण असल्यामुळे त्या औषधांनी अनेकांना आराम पडला.

स्त्रियांचे ओटीपोट दुखणे या दवाखान्यांपर्यंत पोचतच नव्हते. पुरुष डॉक्टरसमोर बोलण्याचा संकोच, सासरी दुखणे सांगितले तर कामचुकार ठरण्याची भीती, आणि ‘बाईच्या जातीला हे असतेच’ ही समजूत यांमुळे ते अंगावर काढले जाई. या अंधारात पहिला लख्ख उजेड विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यातून आला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. म्हणजे ओटीपोटाचे, कंबरेचे जे दुखणे ‘उगीचच’ म्हणून गणले जात होते, त्याच्यामागे बहुतेकींना शोधण्याजोगे कारण असण्याची शक्यता होती. शोधायला कोणी गेलेच नव्हते. ओटीपोटातला जंतुसंसर्ग लैंगिक संबंधातून आलेला असेल तर उपचार जोडप्याचा एकत्र करावा लागतो, नाहीतर तो उलटतो. येथे नवऱ्याची साथ हा केवळ मायेचा प्रश्न उरत नाही. स्वतः तपासून घ्यायला आणि गोळ्या घ्यायला तो तयार असेल तरच बायकोचे दुखणे थांबते.

कारण न सापडणाऱ्या पोटदुखीचे दुसरे कारण रक्तात सापडले. विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींचे पहिले वर्णन १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केले. भारतात सिकलसेलची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत झाली आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. विदर्भात हा आजार गोंड, परधान यांच्यासारख्या जमातींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात मोठ्या प्रमाणात आहे हे त्यानंतरच्या पाहण्यांनी दाखवले. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले की आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस वाहक राहतो आणि त्याला सहसा त्रास होत नाही. आजाऱ्याच्या लाल पेशी पाणी कमी पडले, थंडी वाजली, ताप आला किंवा अतिश्रम झाले की ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. हाडे, छाती आणि पोट दुखून येते. पानथरी सुजते, पित्ताचे खडे होतात. पोटातली ही कळ आंत्रपुच्छाच्या सुजेसारखी भासते आणि त्यामुळे नको ती शस्त्रक्रिया होण्याचा धोकाही असतो.

कळ येते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी जाते, मधल्या काळात माणूस चालता-फिरता असतो. याच लक्षणामुळे सिकलसेलच्या रुग्णांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत आडवी पडणारी आणि चार दिवसांनी उठणारी सून ढोंगी ठरली, सालदार कामचोर ठरला. तिच्याजवळ किंवा त्याच्याजवळ बसून पाणी पाजणारे, पांघरूण घालणारे, शेक देणारे माणूस मात्र नकळत योग्य तेच करत होते. आजही कळ आली की भरपूर पाणी, ऊब, विश्रांती आणि वेदनाशामक हाच पहिला उपचार आहे. ताप असेल, श्वास लागला असेल किंवा पोट अचानक फुगले असेल तर थांबू नये, हे ज्ञान नंतरचे. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने कळांची संख्या घटते, पण ती रोज घ्यावी लागते आणि रक्त वरचेवर तपासावे लागते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. एसटीत रुग्णांना मोफत प्रवासाची सवलत मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे लक्ष्य ठेवले. लग्नाआधी दोघांच्या तपासणीची कार्डे ताडून पाहण्याचा आग्रह आता धरला जातो. मात्र आधीच लग्न झालेल्या आणि दोघेही वाहक निघालेल्या जोडप्याला दोष न देता समजावणे अजूनही सर्वांत अवघड काम आहे, कारण खापर फुटते ते बहुधा बायकोवर.

तिसरे कारण पाण्यात होते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी आणि हातपंप झपाट्याने आले. उघड्या विहिरीच्या आणि नाल्याच्या पाण्यातून होणारे जुलाब त्यांनी कमी केले, हे मोठेच काम झाले. पण यवतमाळ जिल्ह्याच्या अनेक गावांत, विशेषतः पांढरकवडा, झरी-जामणी, वणी या पूर्वेकडच्या पट्ट्यात, खोल खडकातल्या पाण्यात फ्लोराइड निघाले. भारतात फ्लोरोसिसचे पहिले वर्णन १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून आले होते. दातांवरचे पिवळे-तपकिरी पट्टे आणि आखडलेली हाडे ही त्याची ओळखीची खूण. पोटाचा त्रास त्याच्याशी जोडला गेला तो बराच उशिरा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील ए. के. सुशीला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले की फ्लोराइडयुक्त पाणी पिणाऱ्यांत मळमळ, भूक मरणे, पोटदुखी, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब या तक्रारी हाडे आखडण्याच्या कितीतरी आधी दिसतात. जठरातल्या आम्लाशी संयोग होऊन फ्लोराइड जठराच्या अस्तराला इजा करते. पाणी बदलले की या तक्रारी काही आठवड्यांत ओसरू शकतात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड इष्ट मर्यादेत बसते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून फ्लोराइड खाली बसवण्याची ‘नालगोंडा’ पद्धत नागपूरच्याच ‘नीरी’ संस्थेने विकसित केली. ती स्वस्त आणि सोपी होती. पण रोज मोजून मात्रा घालणे, ढवळणे, गाळ बसू देणे आणि वरचे पाणी काढणे हे घरातल्या बाईच्या कामात भरच होते. धोक्याच्या हातपंपाऐवजी लांबच्या चांगल्या विहिरीवरून हंडा आणणेही तिच्याच डोक्यावर आले. जोडीदाराच्या पोटदुखीवरचा खरा उपचार असा कित्येक घरांत डोक्यावरून वाहून आणावा लागला. पाणी वाहणे हे पुरुषाचेही काम आहे असे मानणारी घरे त्या मानाने थोडी होती.

मोठ्या दवाखान्याची वाट या जिल्ह्याला फार काळ जिल्ह्याबाहेर घेऊन गेली. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ चे. यवतमाळला वसंतराव नाईकांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय १९८९ मध्ये आले. उमरी येथील ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्याने पांढरकवड्याकडच्या खेड्यांना आधार दिला. सेवाग्रामच्या परिसरात १९८० च्या दशकात डॉ. उल्हास जाजू यांनी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यविम्याची योजना चालवली. सुगीला धान्य द्यायचे आणि आजारपणात उपचार घ्यायचे, हा हिशेब शेतकऱ्याला पटणारा होता. एरवी ‘नागपूरला रेफर’ हे शब्द ऐकले की दोन माणसांची मजुरी बुडणे, गाडीभाडे, आणि व्हरांड्यात चटई टाकून काढलेल्या रात्री हे ठरलेलेच. रुग्णाच्या सोबत्याने कुठे राहावे हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी ओळखला होता. त्यांच्या नावाच्या धर्मशाळांनी मुंबईतल्या रुग्णालयांजवळ विदर्भातल्या कितीतरी नवरा-बायकोंना आसरा दिला आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळचे नाव देशभर झाले ते कापसावरच्या फवारणीने. विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दाखल झाले. मळमळ, पोटात मुरडा, घाम, धूसर दिसणे ही लक्षणे साधी पोटदुखी समजली जाण्याचा आणि ओव्या-हिंगावर वेळ जाण्याचा धोका होता. त्यानंतर फवारणीचे कपडे वेगळे धुणे, अंग साबणाने धुतल्याशिवाय घरात न येणे, लक्षण दिसताच फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठणे या गोष्टी घरच्या माणसांना सांगितल्या जाऊ लागल्या. ते कपडे धुणाऱ्या बाईच्या हातांवर येणाऱ्या विषाविषयी फार कमी बोलले गेले.

एवढे करूनही काही पोटदुखींना कारण सापडत नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांनी जठराच्या व्रणामागचा जंतू शोधला आणि अनेकांची जन्माची पोटदुखी पंधरवड्याच्या गोळ्यांनी गेली. या शोधाला २००५ चे नोबेल मिळाले. पण सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’ आले आणि दुखणे तसेच राहिले, असे रुग्ण उरतातच. आतडे आणि मेंदू यांच्यातल्या संदेशवहनात बिघाड झाला की आतड्याची साधी हालचालही वेदना म्हणून जाणवते, असे आजचे वैद्यक सांगते. दुखणे खरे असते, दाखवायला जखम नसते. अशा वेळी जोडीदाराच्या कामाचे रूप बदलते. दुखणे खरे आहे हे मानणे पहिले. मग काय खाल्ले, पाणी कुठले, पाळी कधी, खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) किती, झोप किती आणि कळ केव्हा आली याची नोंद ठेवणे. दर महिन्याला नवा डॉक्टर न गाठता एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाणे. आणि वजन घटणे, काळी शौच, रक्त, सततची उलटी, कावीळ, रात्री झोपेतून उठवणारी कळ यांवर लक्ष ठेवणे. तपासणीच्या खोलीत बायकोच्या वतीने नवऱ्यानेच बोलायची सवय येथे मोडावी लागते, कारण कळ कशी येते हे जिला येते तिलाच सांगता येते.

दीर्घ दुखण्याने मनही खचते. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यात कर्ज, नापिकी आणि आजारपण एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ‘पोटदुखीला कंटाळून’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रांत वारंवार छापून येतात. १४ जिल्ह्यांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन खचलेली माणसे ओळखतात आणि त्यांना समुपदेशनापर्यंत नेतात. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवाही आहे. दोन्ही रुग्णाइतक्याच त्याची काळजी घेणाऱ्यासाठीही आहेत. खर्चाच्या बाजूने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना दाखल रुग्णांवरच्या ठरावीक उपचारांचा भार उचलते. निदान लागेपर्यंतच्या बाह्यरुग्ण फेऱ्या, वाटेतले गाडीभाडे आणि सोबत गेलेल्या नवऱ्याची किंवा बायकोची बुडालेली मजुरी अजूनही घरच्याच अंगावर पडते.